जुनं पिनबॉल: कुणाची बनावट पक्की आणि बिघडतं नेमकं काय

पिनबॉल म्हणजे उतरत्या पाटावर पोलादी बॉल खेळवायचं यंत्र. त्याच्या जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल प्रकाराला या नादातली माणसं नुसतं 'ईएम' म्हणतात. त्यात मायक्रोप्रोसेसर नसतो. गुण दाखवायला फिरणारी आकड्यांची रीळं, कितवा बॉल चालू आहे हे लक्षात ठेवायला रॅचेटचं दातेरी चाक आणि निर्णय घ्यायला रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच), एवढ्यावर सगळा कारभार चालतो. १९४७ साली गॉटलिबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त पहिल्यांदा विजेवरचे फ्लिपर, म्हणजे बॉल परत वर मारणाऱ्या दांड्या, आले. १९७० च्या दशकाच्या शेवटी इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले आणि दोन-तीन वर्षांत ईएमचा जमाना आटोपला. मधल्या तीस वर्षांत शिकागोच्या चार नावांनी बाजार व्यापला होता: गॉटलिब, विल्यम्स, बॅली आणि शिकागो कॉइन.

यातलं पक्कं कुणाचं, हा प्रश्न हमखास येतो. माझं मत असं की पन्नास वर्षांनंतर कंपनीच्या फरकापेक्षा मधल्या दुरुस्त्यांचा फरक मोठा असतो. नीट राखलेलं शिकागो कॉइन हे तेल पाजलेल्या गॉटलिबपेक्षा कधीही बरं. तरी प्रत्येक कंपनीची दुखरी जागा वेगळी आहे, आणि ती ठाऊक असली तर शोधाशोध निम्मी होते.

गॉटलिबचं काम सगळ्यात निगुतीचं. रिलेंना अक्षरांची नावं, जाड पट्ट्यांवर बसवलेली युनिटं, आणि एका खेळाडूच्या यंत्रांमधलं दहा पैलूंचं रीळ, ज्यावर आकडा सपाट बसतो आणि लांबूनही स्वच्छ वाचता येतो. स्कोअर मोटर, म्हणजे गुणांचे ठोके देणारी मोटर, एका कामाला एक तृतीयांश फेरा घेते, म्हणजे एका फेऱ्यात तीन कामं. यंत्राच्या विद्युतजोडणीच्या आकृतीत प्रत्येक मोटर स्विचला आकडा आणि अक्षर दिलेलं असतं, त्यामुळे आकृतीवर बोट ठेवून पेटीत तोच स्विच गाठता येतो. सुटे भागही याच कंपनीचे सर्वांत सहज मिळतात. खोट आहे ती प्लेफील्डच्या, म्हणजे बॉल ज्यावर पळतो त्या लाकडी पाटाच्या, लॅकरमध्ये. जुन्या पाटांवर लाकडाच्या रेषांबरोबर बारीक भेगा जातात, भेगेत काळा मळ बसतो, आणि मग तो धुण्याने निघत नाही.

विल्यम्सची यंत्रं मला आतून साधी वाटतात, आणि साधेपणा हा इथे मोठा गुण आहे. १९६८ च्या 'हेबर्नर्स टू'मध्ये त्यांनी ३ इंची फ्लिपर आणले. त्याआधी २ इंची चालत. दांडी लांब झाली तसा बुशिंगवर (दांडीचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि लिंकच्या (दट्ट्याला दांडीशी जोडणारी पट्टी) भोकांवर ताण वाढला. म्हणून त्या वर्षानंतरच्या यंत्रांमध्ये फ्लिपरचा खुळखुळा आधी तपासावा. दांडी हाताने वरखाली हलवून पाहा. कागदाच्या पुठ्ठ्याइतकी मोकळीक हवीच, नाहीतर दांडी पाट घासत जाते. पण आडवी डुलत असेल तर बुशिंग गेलं.

बॅलीचा मोठा फरक व्होल्टेजचा. गॉटलिब आणि विल्यम्सच्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या यंत्रांत सोलेनॉइडना, म्हणजे दट्ट्या ओढणाऱ्या कॉइलना, साधारण २४ ते ३० व्होल्ट एसी मिळतं, बॅलीत ५० व्होल्ट. दिसायला सारख्या कॉइल एकमेकांत बदलल्या तर २४ ची कॉइल बॅलीत धुरावते आणि ५० ची कॉइल गॉटलिबमध्ये जेमतेम कण्हते. त्यामुळे कॉइल बदलताना तिच्या कागदी वेष्टनावर छापलेला नंबर हाच आधार, आकार नव्हे. बॅलीला करामतींची हौसही जास्त होती. १९६६ च्या 'बझार'मध्ये दोन फ्लिपर सरकून एकमेकांना चिकटतात आणि मधली वाट बंद करतात. १९७२ च्या 'फायरबॉल'मध्ये पाटावर फिरती तबकडी आहे. खेळायला मजा, पण अशी प्रत्येक करामत म्हणजे आणखी एक मोटर किंवा कॉइल आणि तिच्यामागे स्विचांची नवी फौज. दुसऱ्या बाजूने बॅलीची शेवटची यंत्रं मोठ्या संख्येने निघाली. १९७५ ची 'विझर्ड' १०,००५ आणि १९७६ ची 'कॅप्टन फॅन्टॅस्टिक' १६,१५५ नग. त्यामुळे भागांसाठी मोडीत निघालेलं एखादं यंत्र सापडण्याची शक्यता बरी असते. शिकागो कॉइनचं दुखणं नेमकं उलटं: यंत्र वाईट नसतं, पण एखादा त्यांचाच खास भाग तुटला की शोधत बसावं लागतं.

पहिलं यंत्र घेणाऱ्याला कंपनीपेक्षा खेळाडूंची संख्या जास्त छळते. गॉटलिब एकच आराखडा अनेकदा दोन रूपांत काढी: 'स्पिरिट ऑफ ७६' चार खेळाडूंचं, तर 'पायोनियर' दोघांचं. चार खेळाडूंच्या यंत्रात रीळं चौपट, शिवाय कुणाची पाळी आहे ते सांभाळणारं वेगळं युनिट आणि त्याचे डझनभर संपर्क. एका खेळाडूचं यंत्र घ्या. आतली मोकळी जागाच पाहून जीव थंड होतो.

यंत्र बघायला गेलात तर वीज लावण्याआधी पाट उचलून खालची बाजू टॉर्चने बघा. कॉइलचं वेष्टन तपकिरी पडलंय का? फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळलाय का? एखादी नव्या प्लॅस्टिकची रंगीत तार कापडी तारांच्या गठ्ठ्यातून उडी मारून कुठेतरी गेलीय का? ही तिसरी खूण सगळ्यात महाग पडते. तार कुणी टाकली असेल तर मूळ वाट कुठेतरी तुटलेली आहे, आणि टाकणाऱ्याने तुटकं न शोधता वळसा घातलाय. असे दोन-तीन वळसे एकमेकांत अडकले की आकृती निरुपयोगी होते.

तेलाचा डबा

या यंत्रांचा खरा शत्रू गंज नाही, तेल आहे. अडकलेल्या रॅचेटवर कुणीतरी फवाऱ्याने तेल मारतो आणि ते तासाभरात सुरळीत चालतं. मारणारा खूश. त्यातला पातळ भाग उडून जातो, उरलेल्यात धूळ आणि काजळी मिसळते, आणि सहा महिन्यांत तिथे मधासारखा चिकटा होतो. वर ठिणग्या उडणाऱ्या संपर्कांशेजारी ज्वालाग्राही फवारा मारणं ही वेगळीच आफत. सोलेनॉइडचा दट्ट्या आणि त्याची नळी कोरडीच चालायला हवी. नळी जुनी धातूची असेल तर काढून नायलॉनची घाला. दट्ट्याचं टोक ठोके खाऊन कुत्र्याच्या छत्रीसारखं पसरलं असेल तर कानशीने कडा मारून घ्या, नाहीतर नवी नळीही पंधरा दिवसांत खरवडली जाईल.

स्टेपर युनिट म्हणजे ईएमची स्मरणशक्ती. बेकलाइटच्या तबकडीवर पितळी रिव्हेटांचं वर्तुळ, त्यावरून फिरणारी पितळी बोटं, मागे दातेरी चाक, एक पुढे ढकलणारी कॉइल, एक खिट्टी उचलून शून्यावर आणणारी कॉइल आणि घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग. निम्म्याहून अधिक 'विचित्र' बिघाड इथून निघतात: दुसऱ्या बॉलनंतर थेट खेळ संपणं, बोनसचे गुण चुकणं, क्रेडिट न उतरणं.

नीट साफ करायचं तर खोलावंच लागतं. आधी फोटो काढा. मग स्प्रिंग सोडताना ती किती फेरे गुंडाळलेली होती ते मोजून पट्टीवर पेन्सिलीने लिहा. हा आकडा हरवला तर पुढचे दोन तास अंदाजात जातात. चाक, दांडा आणि खिट्ट्यांच्या खुंट्या लायटरच्या पेट्रोलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने धुवा. हवा खेळती ठेवा आणि यंत्राची तार भिंतीतून काढलेली असू द्या. रिव्हेटांची तबकडी हिरव्या घासणीच्या तुकड्याने चमकेपर्यंत घासा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोन रिव्हेटांमध्ये बेकलाइटवर काळी रेघ दिसली तर ती कार्बनची, आणि तिच्यातून वीज वाहते. ती टोकदार सुरीने खरवडून काढावीच लागते, नाहीतर दोन दिवे एकदम लागतात. रिव्हेटांवर टेफ्लॉनच्या जेलचा अगदी पुसट हात पुरेसा. दांड्याला शक्यतो काहीच नाही.

जोडून झालं की बोटं थांबतात तेव्हा रिव्हेटच्या मधोमध येतात का पाहा, कडेवर नाही. मग हाताने चाक शेवटच्या घरापर्यंत न्या आणि खिट्टी उचला. खाडकन शून्यावर यायला हवं. इथपर्यंत सगळे करतात. खरी परीक्षा पहिल्या घरातली. चाक फक्त एकच दाता पुढे न्या आणि खिट्टी उचला. तिथे स्प्रिंगला सर्वांत कमी ताण असतो, आणि तिथून परत येत नसेल तर युनिट साफ झालेलं नाही. लगेच स्प्रिंगला जादा फेरे देऊ नका. ताण वाढवला की परत येतं, पण मग पुढे ढकलणाऱ्या कॉइलला तोच ताण ओढावा लागतो आणि ती मधूनमधून घर चुकवते.

कानस, आणि ती कुठे चालवायची

स्विचच्या पात्या दोन जातींच्या. बहुतेक रिले आणि मोटर स्विचांवर चांदीचे मऊ बिंदू असतात. फ्लिपरसारख्या जास्त करंटच्या जागी टंगस्टनचे कठीण. टंगस्टनला बारीक कॉन्टॅक्ट कानस चालते, किंबहुना तीच लागते. चांदीला कानस किंवा पॉलिश पेपर लावला की चांदी निघून खालचा धातू उघडा पडतो, आणि पेपरचे कण आत रुतून बसतात ते वेगळंच. चांदीसाठी जाड व्हिजिटिंग कार्डाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून बिंदूंमध्ये दाबून ओढायची. फारच झालं तर लवचिक बर्निशर, म्हणजे बिंदू घासायची बारीक पट्टी.

त्याआधी एक काम, जे निम्मे लोक विसरतात: पात्यांचा गठ्ठा धरून ठेवणारे दोन स्क्रू घट्ट करणं. मधल्या इन्सुलेटर चकत्या वर्षानुवर्षांत आक्रसतात आणि स्क्रू सैल पडतात. आधी बिंदूंकडचा स्क्रू, मग मागचा. कित्येक स्विच एवढ्यानेच ताळ्यावर येतात. त्यानंतरही गरज असेल तरच पाती वाकवा. उघड्या स्विचमध्ये अंतर साधारण १.५ मिलिमीटर. बंद होताना लांब पातीने आखूड पातीला स्पर्शानंतरही अर्धा-पाऊण मिलिमीटर ढकलायला हवं. हा घासत जाणारा शेवटचा धक्का बिंदू आपोआप साफ ठेवतो. नुसता टेकणारा स्विच नवा असूनही महिन्याभरात रुसतो.

फ्लिपर मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. त्याच्या कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात: जाड तारेचं ताकदीचं आणि बारीक तारेचं धरून ठेवण्याचं. फ्लिपर खाली असताना झेपेच्या टोकाचा स्विच, म्हणजे ईओएस, बंद असतो आणि बारीक वेटोळ्याला बाजूला ठेवतो. बटण दाबलं की सगळा करंट जाड तारेतून जातो आणि फ्लिपर झेप घेतो. वर पोचताच दांडी ईओएस उघडते, दोन्ही वेटोळी एकामागे एक जोडली जातात, करंट घसरतो, आणि कॉइल गरम न होता दांडी धरून ठेवते. टोकाला हा स्विच साधारण ३ मिलिमीटर उघडायला हवा. उघडलाच नाही तर काही सेकंदांत जळका वास येतो, बॉबिन वितळून नळीला आवळते आणि दट्ट्या अडकतो. फार लवकर उघडला तर फ्लिपर वर पोचायच्या आतच दम सोडतो. बिंदू खडबडीत झाले असतील तर उघडझाप बरोबर होते, पण जोर येत नाही. या तिसऱ्या वेळी लोक हमखास 'जोरकस' कॉइल विकत आणतात. काहीही बदलण्याआधी मल्टीमीटर एसीवर ठेवून बंद ईओएसच्या दोन पात्यांवर टोकं लावा आणि मदतनिसाला बटण दाबायला सांगा, पण दांडी हाताने खाली दाबून धरा आणि दोन सेकंदांत सोडा. आकडा शून्याजवळ हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढा जोर तिथेच वाया जातोय. पेटीच्या कडेच्या बटणाखालच्या पात्यांवरही हीच तपासणी करा, कारण तोच करंट तिथूनही जातो. गॉटलिबची ए-५१४१ ही मूळ फ्लिपर कॉइल या सगळ्या जागा स्वच्छ असल्या की पुरेशी असते.

एसीवरचे रिले आणि कॉइल थोडे गुणगुणतातच. गाभ्याच्या तोंडाशी तांब्याची एक कडी बसवलेली असते, तिच्यामुळे गुणगुण आटोक्यात राहते. एखादा रिले भुंग्यासारखा ओरडत असेल तर ती कडी निसटलीय का, किंवा रिलेची ओढली जाणारी पाटी आणि गाभा यांच्यात मळ आहे का, ते बघा.

खेळ सुरूच होत नाही आणि मोटर थांबायचं नाव घेत नाही, हा ईएमचा सर्वांत ठरलेला आजार. सुरुवातीला मोटर प्रत्येक रिळाला ठोके देत राहते, आणि रीळ शून्यावर पोचलं की त्याचा शून्य-स्विच ठोके बंद करतो. एखादं रीळ मधल्या आकड्यावर अडलं असेल तर दोष दिसतोच: मळलेली खिट्टी, थकलेली स्प्रिंग किंवा गेलेली कॉइल. बहुतेक रिळांत कॉइल फक्त ओढते आणि प्रत्यक्ष पाऊल परतीच्या वाटेवर स्प्रिंग टाकते. म्हणून कॉइल टकटक करतेय आणि आकडा हलत नाही, असं दिसलं की कॉइलला दोष देऊ नये. सगळी रीळं शून्य दाखवतायत आणि मोटर तरी फिरतेय, असं असेल तर कुठल्यातरी एका शून्य-स्विचची पाती नीट हलत नाही. वीज चालू असताना एकेका स्विचच्या पात्या कोरड्या लाकडी काडीने अलगद हलवा. मोटर जिथे थांबेल तो गुन्हेगार. तरीही नाही थांबली तर बॉल मोजणाऱ्या आणि खेळाडू युनिटच्या शून्य-स्विचकडे वळा.

लाकडी काडी सुचवली, कारण पेटीत मुख्य लाइनचं व्होल्टेजही असतं. जुन्या यंत्रांची तार दोन पिनांची असते आणि पेटीच्या धातूला अर्थिंग नसतं. तीन तारांची वायर घालून कॉइन डोअर, कडेच्या पट्ट्या आणि ट्रान्सफॉर्मर अर्थला जोडणं हे माझ्या मते पहिल्या दिवशीचं काम, बाकी सगळं नंतर. ट्रान्सफॉर्मरवर 'हाय टॅप', म्हणजे जादा व्होल्टेजचं टोक, असेल तर ती तार कुठे लावलीय तेही बघून घ्या. कमी दाबाच्या जागी जोर वाढवायला ती असायची, आणि आजच्या दाबावर तिच्यामुळे कॉइल नाहक तापतात. फ्यूज पेटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेल्याच अँपिअरचा.

दिव्यांचा हिशोब छोटा पण उपयोगी. ४४ नंबरचा दिवा ६.३ व्होल्टला ०.२५ अँपिअर घेतो, ४७ नंबरचा ०.१५. यंत्रात ६० दिवे धरले तर १५ ऐवजी ९ अँपिअर, म्हणजे सुमारे ९५ ऐवजी ५७ वॅट. उरलेली उष्णता बॅकग्लासमागे, म्हणजे समोरच्या उभ्या रंगीत काचेमागे, साठायची वाचते. मिणमिणणारा दिवा बहुधा दिव्यामुळे मिणमिणत नाही, सॉकेटचा दाबून बसवलेला जोड गंजलेला असतो. तिथे सोल्डरचा एक ठिपका घातला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

पाटाला पाणी दाखवू नका. लाकूड फुगतं आणि रंगीत प्लॅस्टिकच्या खिडक्यांच्या कडा उचलल्या जातात. नॅफ्थाने (लायटरच्याच पेट्रोलने) पुसून कार्नोबा मेण लावा. बॉल २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा. नखाला खरखर लागली तर बदला, कारण खरखरीत बॉल पाटावर पॉलिश पेपरचं काम करतो. उतार साधारण साडेतीन अंश. नव्या यंत्रांच्या सवयीने साडेसहा केला तर ईएमचे फ्लिपर बिचारे वरपर्यंत पोचत नाहीत आणि दोष पुन्हा कॉइलवर जातो.

शेवटी बॅकग्लास. बाकी प्रत्येक गोष्ट बदलता येते, काचेच्या मागे छापलेला रंग नाही. गरम-थंड होऊन तो काचेपासून सुटतो आणि पापुद्र्यांनी गळतो. मागची बाजू कधीही पुसायची नाही, फडक्यानेही नाही आणि बोटानेही नाही. काढताना दिवे बंद करून तासभर थंड होऊ द्या, दोन्ही हातांनी खालून आधार देत उचला आणि रंगाची बाजू कशालाही न टेकवता उभी ठेवा. रंग सुटायला लागलेला असेल तर मागून ॲक्रिलिकचा पारदर्शक स्प्रे पातळ हातांनी, प्रत्येक हात वाळू देऊन मारतात. मात्र आधी कोपऱ्यातल्या, चौकटीत झाकल्या जाणाऱ्या भागावर एक ठिपका मारून चोवीस तास थांबा. काही रंग त्या स्प्रेने सुरकुततात.